दवाखान्याखाली

"आणखी एकदा हे टेबल असं उडालं तर मी काम थांबवणार," भिंतीवरच्या स्पीकरमधून डॉ. नसीम मुजावरांचा आवाज आला. "मग बाहेर बसलेल्या तिच्या सासूला काय सांगायचं, ते तुम्ही वर येऊन सांगा."

नाडगौडा सरांनी बटणावरचा हात काढला नाही. ते पॅनेलपुढे मान वाकवून उभे होते, कारण ताठ उभं राहायला तिथं जागाच नव्हती. आम्ही दवाखान्याच्या खाली होतो, तळमजल्याच्याही खाली. डोक्याला लागेल इतक्या उंचीवर वरच्या इमारतीची फरशी होती, आणि तीन मजल्यांचं ते सगळं ओझं पिंपाएवढ्या जाड रबरी ठोकळ्यांवर टेकलेलं होतं. दिवसाउजेडीही तिथं एका पिवळ्या दिव्यावर भागवावं लागे.

"सर, त्या उत्तराची वाट बघतायत," मी म्हणाले.

"ऐकलं मी."

कोयनेच्या खोऱ्यातली ही गोष्ट. आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा सरांच्या हाताखाली नुकतीच लागले होते. त्या भागात जमीन अधूनमधून हलायचीच, म्हणून एका संस्थेनं तिथं दवाखाना बांधताना सरांना बोलावलं होतं. सरांनी इमारत जमिनीवर न ठेवता रबरावर ठेवली, म्हणजे खालची जमीन हलली तरी वरची इमारत जागच्या जागी सावकाश डुलेल. पण नुसतं रबर ठेवलं तर इमारत डुलतच राहते, म्हणून तिला आवरायला चारी बाजूंनी आडवी नळकांडी बसवली होती. मोटरसायकलच्या शॉकअबसॉर्बरसारखीच, फक्त माणसाच्या मांडीएवढी जाड. आत तेल, आणि तेलात पिठासारखी बारीक लोखंडाची पूड. वीज सोडली की ते तेल क्षणात थिजायचं आणि नळकांडं इमारतीला घट्ट धरून ठेवायचं. वीज काढली की तेल पुन्हा पातळ, नळकांडं सैल. किती घट्ट आणि किती सैल, हे एरवी संगणक ठरवायचा. जमीन जशी हलेल तसा तो क्षणाक्षणाला वीज कमीजास्त करायचा. या एका गोष्टीवर सरांनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती.

त्या दिवशी सकाळी मोठा धक्का बसला तेव्हा यंत्रणेनं आपलं काम चोख केलं. गावातली घरं पडली, दवाखान्याची काचही तडकली नाही. पण आवाराची दगडी भिंत कोसळली ती नेमकी आमच्या तारांच्या पेटीवर. जमीन किती हलतेय आणि इमारत किती सरकलीय, ही दोन्ही मापं त्याच पेटीतून संगणकाला मिळायची. पेटी चेपली आणि संगणकाला भ्रम झाला. काही हलत नसताना तो नळकांडी आवळायला आणि सोडायला लागला, आणि इमारत उगाचच दचकायला लागली. शेवटी सरांनी स्वतःच्या हातानं संगणक बाजूला केला आणि सगळा ताबा पॅनेलवरच्या एका बटणावर घेतला. उजवीकडे फिरवलं की घट्ट, डावीकडे फिरवलं की सैल. सरांनी ते पार उजवीकडे नेऊन ठेवलं.

"आता ही इमारत साध्या इमारतीसारखी झाली," ते म्हणाले होते. "मजबूत साधी इमारत. पडणार नाही."

चालणाऱ्या रोग्यांना बाहेर मांडवात हलवलं. जे हलवता येत नव्हते ते वरच राहिले, त्यांच्याबरोबर थोड्या नर्सेस राहिल्या. आणि तेवढ्यात जीपमधून गौरी झोरेला आणलं.

वरच्या धनगरवाड्यातली पोर ती, लग्न होऊन वर्ष झालं नसेल. घराची भिंत अंगावर आली होती. बाहेरून जखम मोठी दिसत नव्हती, पण कवटीच्या आत रक्त साठत होतं. कऱ्हाडला न्यावं तर रस्त्यावर दरड आलेली. डॉ. मुजावर मेंदूच्या शस्त्रक्रिया करत. पुण्यातलं चांगलं चाललेलं काम सोडून त्या माहेरच्या मुलखात परत आल्या होत्या. त्यांनी मुलीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "इथंच उघडायचं. आत्ताच."

मी जिन्यात होते. गौरीची सासू ठकूबाई स्ट्रेचरच्या मागं धावत येत होती. तिच्या केसांत अजून भिंतीची माती होती. माझ्या गळ्यातली ओळखपाटी बघून तिनं मला अडवलं.

"बाई, ह्यो दवाखाना बी पडंल का?"

"नाही पडणार, मावशी. तुम्ही बाहेर मांडवात बसा."

"न्हाय पडायचा म्हंतीस, तर मग भाईर कशाला बसू?" असं म्हणून ती ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी भिंतीला टेकून बसली, आणि कुणी उठवलं तरी उठली नाही.

शस्त्रक्रिया सुरू झाल्यापासून लहान धक्के येतच होते. बाहेर मांडवातल्या माणसांना ते जेमतेम कळत असतील. पण नळकांडी घट्ट असल्यामुळे जमिनीचा प्रत्येक हिसका जसाच्या तसा वर जात होता, आणि वर एक बाई माणसाच्या उघड्या मेंदूशेजारी चिमटा धरून उभी होती.

"सैल करूया, सर," मी म्हणाले. "रबराला त्याचं काम करू दे. लहान धक्के वर पोचणारच नाहीत."

"आणि मोठा आला तर?"

मोठा आला तर काय, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. इमारतीच्या चारी बाजूंना, खालच्या पक्क्या भिंतीत आणि तिच्यात, एक फट सोडलेली होती. इमारतीनं डुलायचं ते त्या फटीत; तिच्या तिकडच्या कडेवर लाल पट्टी रंगवलेली होती. नळकांडी सैल असताना मोठा धक्का आला, तर इमारत फट ओलांडून भिंतीवर आदळली असती. तीन मजल्यांचं ओझं भिंतीवर आदळतं तेव्हा वर काय होतं, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"वर ऑक्सिजनवर माणसं आहेत, कुंभोजकर," सर म्हणाले. "त्या मुलीला वाचवणं डॉक्टरांचं काम. माझं काम इमारत वाचवण्याचं. मी ते एका माणसासाठी सोडू शकत नाही."

"घट्ट ठेवलं तर ती मुलगी नक्की जाईल."

"नक्की असं काही नसतं."

तेवढ्यात पुन्हा खालून गुरगुर आली. त्या खोऱ्यात धक्क्याच्या आधी असा आवाज येतो, दूर कुठं जड ट्रक चढावर लागल्यासारखा. मग एक श्वास घेता येईल एवढा वेळ जातो आणि हिसका बसतो. तसाच बसला. वर काहीतरी धातूचं खाली पडल्याचा आवाज स्पीकरमधून आला. मग डॉ. मुजावर अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "नाडगौडा साहेब, मी चिमटा आत घालणारच होते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बटणापाशी तू बस."

आम्ही जे ठरवलं ते साधं होतं. बटण सैलच्या बाजूला ठेवायचं. गुरगुर ऐकू आली की मी स्पीकरवर 'हात' म्हणायचं, डॉक्टरांनी हात वर घ्यायचे. तेवढ्या अवधीत त्यांना ते जमत होतं. इमारत किती सरकतेय हे सांगायला आता यंत्र नव्हतं, म्हणून सर टॉर्च घेऊन फटीपाशी जाऊन बसणार होते. ते मला फटीतली उरलेली जागा ओरडून सांगतील, आणि 'आवर' म्हणाले की मी बटण उजवीकडे घ्यायचं. एकदम नाही, हळूहळू. एकदम आवळलं तर तो आवळण्याचा झटकाच वर गेला असता.

"माझ्या शब्दाशिवाय हात लावायचा नाही," ते म्हणाले. "तुला काहीही वाटलं तरी."

"नाही लावणार."

ते गुडघ्यांवर रांगत रबरी ठोकळ्यांच्या रांगेतून पलीकडच्या कोपऱ्यात गेले. साठीला आलेले गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती, आणि फटीत शिरलेला टॉर्चचा उजेड.

बटण मी डावीकडे आणलं. नळकांडी हलकेच सुस्कारल्यासारखी वाजली.

पहिला धक्का लहान होता. "हात," मी म्हणाले. इमारत हलली ती जमिनीसारखी दचकून नाही, तर पाण्यावरच्या होडीसारखी. रबर करकरलं. "वीतभर जागा आहे," सर कोपऱ्यातून म्हणाले. स्पीकरमधून डॉक्टरांचा आवाज आला, "हे चालेल. असंच ठेवा."

त्यानंतर काही धक्के असेच गेले. "हात." "वीतभर." "हात." "वीतभर, चार बोटं कमी." मधल्या शांततेत वरच्या यंत्राची टिकटिक ऐकू यायची. ती मुलीच्या नाडीची आहे हे मला ठाऊक होतं, आणि माझा स्वतःचा श्वास मी तिच्याशी जुळवत बसले होते. हाताला घाम येऊन बटण निसटेल म्हणून मी पंजा सारखा ओढणीला पुसत होते.

मग डॉ. मुजावर बोलल्या. शांतपणेच, पण वेगानं.

"ऐका. रक्त साफ झालंय, पण तळाची एक शीर फाटलीय. मी ती चिमट्यानं धरलीय. क्लिप लावेपर्यंत मला सोडता येणार नाही. आता 'हात' म्हणू नका. मी हात उचलणार नाही. आणि मला झटका देऊ नका."

"किती वेळ?" मी विचारलं.

"लागेल तेवढा."

मी कोपऱ्याकडे पाहिलं. त्या ठेंगण्या जागेत आवाज घुमायचा, त्यामुळे सरांनी सगळं ऐकलं असणारच. ते वळले नाहीत.

आणि गुरगुर आली.

ही वेगळी होती. आधीच्या आवाजांना सुरुवात असायची, ही सगळीकडून एकदमच आली, माझ्या दातांतून, बसले होते त्या काँक्रीटमधून. दिवा विझायच्या आधी मी दिवा थरथरताना पाहिला. मग अंधार झाला, आणि फटीतला टॉर्चचा उजेडही नाहीसा झाला. पॅनेलवरचा बॅटरीचा हिरवा ठिपका तेवढा उरला.

इमारत निघाली. दुसरा शब्द मला सापडत नाही. डोक्यावरचं सगळं ओझं एका बाजूला निघालं, आणि निघालं ते थांबेना. चारी बाजूंचं रबर कण्हायला लागलं. माझी बोटं बटणावर होती. माझं सगळं शिक्षण, सगळी अक्कल मला सांगत होती की आता उजवीकडे फिरव.

"सर!"

"जागा आहे," अंधारातून आवाज आला.

ओझं अजून सरकतच होतं, सर बसले होते त्याच बाजूला.

"सर, आवरू?"

"नको. जागा आहे."

मी बोटं बटणावर ठेवली, पण फिरवली नाहीत. कसं जमलं ते मला आजही सांगता येत नाही. इमारत क्षणभर थबकली, जड, पोट भरलेल्या जनावरासारखी, आणि मग परत फिरली. दुसऱ्या बाजूला गेली, तिकडे रेंगाळली, पुन्हा आमच्या बाजूला निघाली.

"आवरू का?"

"थांब. अजून आहे जागा. सोड तिला."

या खेपेला त्यांचा आवाज चिरकला. मला वाटलं धुळीमुळे. वरून काँक्रीटचा भुगा पडत होता, माझ्याही नाकातोंडात जात होता. इमारत शेवटच्या टोकाला पोचली, थांबली. आणि ती परत फिरताना सर म्हणाले, "आता. हळू. अगदी हळू."

मी बटण फिरवायला घेतलं. दुखऱ्या माणसाला कुशीवर वळवावं तसं फिरवत नेलं. नळकांडी एकेक करून जड होत गेली. पुढचा हेलकावा लहान झाला, त्यापुढचा आणखी लहान. जमीन केव्हा थांबली ते मला कळलंच नाही, इमारत थांबली तेव्हा कळलं.

स्पीकर गप्प होता. टिकटिकही ऐकू येत नव्हती. मी स्पीकरचं बटण दाबून "डॉक्टर" म्हणाले, पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत वरचा जनरेटर धडधडून सुरू झाला, दिवा आला, आणि त्याबरोबर ती टिकटिकही आली.

"क्लिप बसली, कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात," डॉ. मुजावर म्हणाल्या. नंतर बऱ्याच वेळानं, "मला वाटलं मलाच चक्कर येतेय. एवढंच जाणवलं."

मी पॅनेलवर कपाळ टेकलं. सर रांगत परत आले तेव्हा त्यांच्या केसांपासून बुटांपर्यंत सगळं राखाडी झालं होतं. त्यांनी डाव्या हातानं पॅनेलचे दिवे तपासले, बटण कुठं आहे ते पाहिलं, मान हलवली. उजवा हात पँटच्या खिशात होता.

"तू बाहेर जा. मोकळ्या हवेत बस जरा."

"तुम्ही?"

"वर टाके घालून होईपर्यंत मी इथंच थांबतो."

ते थांबले. वरून काम संपल्याचा निरोप आला तेव्हाच बाहेर आले. मी आवारातल्या पारावर बसले होते. दुपार कलली होती. समोर कोसळलेल्या भिंतीच्या दगडांवर मांडवातली माणसं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी बसून होती, दमलेली. सर माझ्याशेजारी येऊन बसले. हात अजून खिशातच होता.

थोड्या वेळानं डॉ. मुजावर आल्या. टोपी काढल्यामुळे त्यांचे पिकलेले केस चपटे दिसत होते. त्या सरांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, आभार वगैरे मानायला आल्या असतील. पण त्यांची नजर खाली गेली.

"खिशातून हात काढा."

"काही नाही, जरा..."

"नाडगौडा साहेब, काढा."

त्यांनी काढला. हाताला रुमाल गुंडाळला होता, आणि तो लाल होऊन वाळला होता. डॉक्टरांनी पारावर बसून तो सोडवला. चारी बोटांच्या पेरांवरचं कातडं सोललं होतं, करंगळी भलत्याच दिशेला वाकली होती. सोललेल्या मांसात भिंतीच्या सिमेंटचे राखाडी कण रुतले होते.

"कशात सापडला?"

"अंधारात लागला कुठंतरी."

डॉक्टरांनी मान वर करून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी त्या हाताकडे बघत होते. पेरांवर सिमेंट होतं, आणि तळव्याच्या बाजूला, जिथं बोटं मिटतात तिथं, इमारतीच्या पट्टीचा लाल रंग लागला होता. एका बाजूला भिंत, एका बाजूला इमारत.

त्या मोठ्या धक्क्यात ते नुसतं 'जागा आहे' म्हणाले होते. किती, ते एकदाही म्हणाले नव्हते.

डॉक्टर मलमपट्टीचं सामान आणायला आत गेल्या.

"सर, टॉर्च विझल्यावर तुम्ही फटीत हात घातलात."

"दुसरं काय होतं मोजायला?"

"किती जागा उरली होती?"

त्यांनी डाव्या हाताची मूठ मिटून माझ्यापुढं धरली. मग ती थोडी आवळली, अजून थोडी.

"मग 'आवर' का नाही म्हणालात?"

"तू आवरलं असतंस."

ते सहजपणे म्हणाले, वर्गात विचारलेल्या शंकेला उत्तर द्यावं तसं. आवळण्याचा झटका चिमट्यापर्यंत गेला असता, हे खरं. पण वर ऑक्सिजनवरची माणसं होती, नर्सेस होत्या, ठकूबाई दाराशी बसून होती. सकाळी हेच त्यांनी मला सुनावलं होतं.

"आणि भिंतीला लागली असती तर?"

समोरच्या मांडवात कुणीतरी चहाचं पातेलं चुलीवर ठेवत होतं.

"दुसऱ्या झोक्याला ती पहिल्यापेक्षा कमी आली," ते शेवटी म्हणाले. "थोडीशीच कमी. हाताला कळलं. तेव्हा वाटलं, जमेल. पहिल्या झोक्याला मात्र मला काहीच ठाऊक नव्हतं, कुंभोजकर. मी नुसतंच म्हणालो." मग माझ्याकडे वळून, "तू असं कधी करू नकोस. मी केलं म्हणून तर मुळीच नको. मापाचे दोन वेगळे मार्ग ठेव, वेगळ्या पेट्या, वेगळ्या तारा. म्हणजे कुणाला असं म्हणायची वेळ येणार नाही."

मी तेच करत आले आहे. मी बांधलेल्या प्रत्येक इमारतीत तारा दोन वाटांनी जातात, आणि कुणी खर्च वाचवायला सांगितलं तर मी काम सोडते. का, ते कधी सांगत नाही.

डॉ. मुजावर सामान घेऊन आल्या. त्यांच्यामागून ठकूबाई आली. ती दारापासून पहिल्यांदाच उठली होती, त्यामुळे पाय अवघडून लंगडत होती.

"पोरगी बोलली," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. "पानी मागितलं. मला म्हनली, आत्या, केसांत माती हाय तुमच्या."

"एवढ्यात पाणी द्यायचं नाही हं," डॉक्टर म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू आलं.

सरांनी चष्मा काढायला हात उचलला. उजवा डॉक्टरांच्या मांडीवर होता, डाव्यानं त्यांना ते जमेना. काडी कानामागं अडकली. मी पुढं होऊन तो काढून घेतला. काचांवर सिमेंटची धूळ बसली होती आणि आतल्या बाजूनं त्या ओल्या होत्या. मी ओढणीनं दोन्ही बाजू नीट पुसल्या. त्यांना जेवढा वेळ हवा होता तेवढा घेतला, आणि मगच तो त्यांच्या डोळ्यांवर परत चढवला.